श्रीनगरच्या जुन्या शहरात पश्मिन्याच्या नावाखाली ४३,५०० रुपये गेले

दल लेकच्या काठावर मागे लागणारे, शिकारा चिकटवून केशर विकणारे, ड्रायव्हर हटकून थांबवतो ती दुकानं, हे सगळं आम्हाला माहीत होतं. त्यांतल्या कुणालाही आम्ही एक रुपया दिला नाही. लुटलं ते झैना कदल या जुन्या पुलाजवळच्या एका गल्लीत, जिथे आमच्याशिवाय एकही पर्यटक नव्हता. गर्दी टाळून खरं शहर बघायला जाणाऱ्यांसाठीच हे लिहितोय, कारण असं गिऱ्हाईक हेरणारी माणसं तिथे आहेत.

खानकाह-ए-मौला या सुफी प्रार्थनास्थळाच्या अंगणात तो भेटला. काही विकत नव्हता. चौदाव्या शतकात इराणातून आलेले सुफी संत शाह-ए-हमदान, त्यांच्याबरोबर आले असं मानतात ते कारागीर, १७३१ ची आग, १७३२ मध्ये पुन्हा उभी राहिलेली ही लाकडी इमारत, आतलं पेपर माशेचं काम, सगळं त्याने नीट सांगितलं. मग जामा मशिदीचे देवदाराचे ३७८ खांब, सुलतान बडशाहच्या आईची विटांच्या घुमटांची कबर, तांब्याच्या भांड्यांची दुकानं. नंतर मी पडताळून पाहिलं, एकही गोष्ट खोटी नव्हती. इतकं खरं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला यात आमचं काय चुकलं? फिरवण्याचे ८०० रुपयेसुद्धा त्याने मागितले नाहीत, मीच दिले. मग तो सहज म्हणाला, "विणकर का घर देखेंगे?"

घर म्हणजे वरच्या मजल्यावरची खोली. एका कोपऱ्यात हातमाग, एका बाईंचा चरखा, कहवा. मग माहिती सुरू: पश्मिन्याची लोकर देणाऱ्या लडाखच्या चांगथांगच्या बकऱ्या, हाताने कातलेलं सूत, सोझनीचं भरतकाम. शालीचे ६२,००० सांगितले, ३४,५०० ला दिली. वहिनीसाठी स्टोल ९,००० ला. कार्डाचं मशीन बंद, म्हणून २०,००० यूपीआयने आणि २३,५०० रोख.

आता तो क्षण, जो डोक्यातून जात नाही. मागावरच्या अर्धवट कापडावर धूळ होती. जाड, बसलेली धूळ. त्या मागावर किती तरी काळ कुणी बसलेलं नव्हतं आणि "पिछले हफ्ते यहीं बनी" असं सांगून शाल माझ्या हातात दिली जात होती. बायकोने मला कोपराने खुणावलंही. मी विचारलं, "जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) लेबल कुठे आहे?" शाल दाखवणारा हसला. "लेबल लगा तो दाम बढ़ता है साहब, हम सीधा कारीगर हैं." मग अंगठीतून शाल ओढून दाखवली, झालरीचा धागा जाळून राखेचा वास दिला. ऐका, कुठलंही तलम कापड अंगठीतून जातं. आणि जळक्या केसांचा वास कुठल्याही लोकरीला येतो, मेंढीच्यासुद्धा. या दोन्ही परीक्षांना शून्य किंमत आहे.

हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीत एक काश्मिरी शालवाले चाचा दरवर्षी येतात. त्यांनी शाल उलटी केली आणि क्षणात म्हणाले, "यह मशीन का है, बेटा." भरतकामाच्या मागे सगळीकडे एकसारखा दुसरा दोरा धावत होता. हाताच्या सोझनीत तसा नसतो. तरी मी २,३६० रुपये भरून प्रयोगशाळेत तपासून घेतलं. तंतूची सरासरी जाडी १९.८ मायक्रॉन, शिवाय नायलॉन. जीआयच्या पश्मिन्याला १६ मायक्रॉनची मर्यादा आहे, आणि सूत हातचं, विणही हातचीच लागते. मशीनवर कातताना त्यात बहुधा दुसरा तंतू मिसळतात, नायलॉन येतं ते तिथून.

मग सुरू झाले हेलपाटे. इथल्या ठाण्यात सांगितलं, गुन्हा तिकडचा, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद घ्यावी लागते, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "साहेब, तुम्ही स्वतः आवडीने घेतलीत ना?" आवडीने! पश्मिना म्हणून घेतली, नायलॉन म्हणून नव्हे. श्रीनगरच्या एका कार्यालयात फोन केला तर दुकानाचा नोंदणी क्रमांक मागितला. क्रमांक असता तर मी फसलो असतो का? दुसऱ्या कार्यालयाने ईमेल करायला सांगितलं, त्या ईमेलला उत्तरच नाही. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. प्रत्येक जण बिल बघतो, मान हलवतो आणि पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

त्या बिलात खरी मेख आहे. कागदावर लिहिलंय, "१ शाल, १ स्टोल, हाताचं काम". पश्मिना हा शब्दच नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी बिलावर "शुद्ध पश्मिना" असं लिहून मागा. नाही म्हटलं तर उठा, कहवा प्यायलात म्हणून बांधील नाही. रोख देऊ नका. पश्मिन्याला २००८ पासून जीआय आहे, श्रीनगरमध्येच त्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे आणि पास झालेल्या शालीवर स्वतंत्र क्रमांकाचं लेबल लागतं. ते नसेल तर हजारांत किंमत मोजू नका.

जुनं शहर मात्र जरूर बघा. खानकाह, झैना कदल, झेलमच्या काठची घरं चुकवू नका. फिरवणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, पण त्याच्याबरोबर जिना चढून खरेदीला जाऊ नका. दल लेकवर निदान शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येतो. त्या खोलीत विचारणार कुणाला?

मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पुण्यातच. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून मार्गदर्शन घ्या. विकणाऱ्याचं नाव म्हणून मी यूपीआयच्या नोंदीतलं नाव दिलंय, तेवढाच धागा हाती आहे. तक्रारीची मुदत २ वर्षांची असते, तेव्हा कुणाच्या कपाटात असं बिल पडलं असेल तर आजच काढून तारीख बघा.