गृहकर्ज विम्याचा दावा नाकारला? विमा लोकपाल सेवेचा आढावा

'आधीपासूनचा मधुमेह लपवला' असे कारण देऊन कर्जाशी जोडलेल्या जीवन विम्याचा दावा फेटाळला असेल, तर विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारी यंत्रणा) हे कंपनीबाहेर पहिले ठोठावण्याजोगे दार. फी शून्य, वकील लागत नाही (चालतही नाही), दाव्याची मर्यादा 50 लाख. गोव्याच्या तक्रारी पुणे कार्यालयाकडे जातात.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे लागते. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, की त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर इथे दार बंद.

खरी लढाई कागदांची. कंपनीकडून सहीचा प्रस्ताव अर्ज (विमा घेताना भरलेला फॉर्म) मागवाच. आरोग्याचे रकाने अनेकदा बँकेतल्या माणसाने भरलेले असतात. मग तारखा जुळवा. विमा कायदा 1938, कलम 45 नुसार पॉलिसीला तीन वर्षे झाली की कोणत्याही कारणाने ती वादात ओढता येत नाही. मुदत पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, मृत्यूपासून नव्हे. तीन वर्षांच्या आत असाल, तर लपवलेल्या माहितीचा जोखमीशी थेट संबंध होता हे कंपनीने सिद्ध करायचे असते. फसवणुकीचा आरोप नसेल तर निदान भरलेले विम्याचे हप्ते 90 दिवसांत परत मिळायला हवेत.

निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. मोठी उणीव एकच: तोवर बँकेचा ईएमआय थांबत नाही. बँकेला सवलतीसाठी वेगळे पत्र त्याच दिवशी द्या.