पर्यावरण मंडळाची वर्गणी ५० रुपये: भरावी का?

आमच्या कॉलेजच्या पर्यावरण मंडळात दोन वर्षं काढली, त्यातलं एक खजिनदार म्हणून. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा आतल्या गोटातला.

शाळेत मी राष्ट्रीय हरित सेनेत होते. ती शाळांमधल्या पर्यावरण मंडळांसाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये सुरू केलेली योजना. तिथे बाई सांगतील ते करायचं. इथे जुलैत सर्वसाधारण सभा होते आणि चिठ्ठ्या टाकून अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडतात. सल्लागार सरांना मत नाही, पण बँकेतून पैसे काढायचे तर त्यांची आणि खजिनदाराची, अशा दोन सह्या लागतात. रद्दीचा रुपयान् रुपया वहीत. एकदा ७ रुपयांचा हिशेब लागेना म्हणून सभा पाऊण तास लांबली! (जांभया आल्या, पण मनातून बरं वाटलं.)

खरी गोची कंपोस्टची. कॅन्टीनचा ओला कचरा कोण टाकणार ते ठरलेलं, पण सुट्टीत पिंपाकडे कोण बघणार हे नियमावलीत नव्हतंच. दिवाळीत कोणी सुका पाला घातला नाही. आत नुसता लगदा, अळ्या, आणि वास थेट वाचनालयात. प्राचार्यांकडे माझीच वरात निघाली. मग ठराव झाला: सुट्टीआधी पाळ्या फळ्यावर लावायच्या, पाल्याचं पोतं भरलेलं दाखवल्याशिवाय किल्ली सोपवायची नाही.

रोपं लावताना फोटोत ४० जण, मे महिन्यात पाणी घालायला ६. म्हणून साडेतीन तारे.

वर्गणी भरा, पण आधी मागच्या सभेचं इतिवृत्त मागून घ्या. देतात, फक्त कपाटाची किल्ली शोधायला वेळ लागतो.