रीपर ७ : एक गिटार, एक गळा आणि घरातली खोली

गिटार वाजवत गायलेलं एखादं गाणं घरीच नीट रेकॉर्ड करायचं असेल, तर आज आम्ही सगळ्यात आधी रीपरचं नाव सुचवू. विनॲम्प हा संगणकावर गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकॉस कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००५ पासून आहे. सध्याची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ते चालतं. इन्स्टॉलर जेमतेम वीसेक एमबीचा आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपलाही त्याचा भार होत नाही. ६० दिवस ते पूर्ण वापरून बघता येतं. त्या काळात कुठलीही सोय बंद नसते आणि ट्रॅकच्या, म्हणजे एकेका आवाजाच्या वेगळ्या रेकॉर्डिंगच्या, संख्येवर मर्यादा नसते. नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकालाही हाच परवाना चालतो, त्यापुढे २२५ डॉलर. आज घेतलेला परवाना ८.९९ आवृत्तीपर्यंत पुरतो. दर महिन्याला पैसे कापले जाण्याची भानगड नाही. आमच्या मते, या दर्जाच्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरची किंमत इतकी रास्त नाही.

आता त्यात काय नाही ते ऐका, कारण निराशा होते ती तिथेच. रीपर म्हणजे भक्कम बांधलेली पण रिकामी खोली. मॅकवरच्या गॅरेजबँडमध्ये तयार ढोलकीवादक म्हणावा असा ड्रमर मिळतो, गिटारचे ॲम्प मिळतात, पियानो मिळतो. रीपरसोबत यातलं ऐकण्याजोगं जवळपास काही येत नाही. तबला, ढोलकी, बासरी हवी असेल तर त्यांचे प्लगइन, म्हणजे रीपरला जोडायचे छोटे प्रोग्राम, वेगळे आणावे लागतात. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याने ॲम्पचा प्लगइन आधी शोधून ठेवावा. अकूस्टिक गिटार आणि गळा एवढंच असेल तर मात्र ही उणीव फारशी जाणवत नाही.

पहिला तासभर फक्त मांडणीला द्या. विंडोजवर कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा, ऑडिओच्या डिव्हाइस पानावर जा आणि तुमच्या इंटरफेसचा (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारा प्रोग्राम, निवडा. तो ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी टाकलेला हवा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८,००० ठेवा आणि रेकॉर्डिंगला बफर, म्हणजे एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा गठ्ठा, १२८. हिशेब सोपा आहे : १२८ भागिले ४८,००० म्हणजे २.७ मिलिसेकंद. आवाज आत जाताना आणि बाहेर येताना हा उशीर दोनदा लागतो, वर इंटरफेसचा थोडा. एवढा गाताना कळत नाही. बफर १०२४ असेल तर एकेरी उशीरच २१ मिलिसेकंद होतो, स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून येतो आणि गाणारा नकळत लय ओढायला लागतो. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या, वेळी प्लगइन वाढले की बफर खुशाल १०२४ करा. १२८ वर तडतड ऐकू आली तर २५६ वर जा, आणि वाय-फाय बंद करून बघा.

इंटरफेस नसेल आणि लॅपटॉपच्याच साउंड कार्डवर काम भागवायचं असेल, तर रेकॉर्ड झालेला ट्रॅक क्लिकच्या (लय धरायच्या टिकटिकीच्या) मागे पडतो. मग सगळे म्हणतात सॉफ्टवेअर वाईट. खरं कारण असं की ड्रायव्हर आपला उशीर रीपरला चुकीचा सांगतो. हेडफोनच्या खाचेतून माइकच्या खाचेत केबल लावा, आवाज अगदी हळू ठेवून क्लिक रेकॉर्ड करा, दोन ठोक्यांतलं अंतर मोजा आणि तो आकडा प्रेफरन्सेसमधल्या रेकॉर्डिंगच्या पानावर ऑफसेट म्हणून भरा. एकदाच करावं लागतं.

कंट्रोल आणि टी दाबलं की नवा ट्रॅक येतो. रीपर त्याला आपणहून पहिला इनपुट देतं. गिटारची केबल इंटरफेसच्या दुसऱ्या खाचेत असेल तर मीटर हलतच नाही. मग माणूस गडबडीत स्टिरिओ इनपुट निवडतो, आणि गिटार फक्त एका कानात वाजते. माइक एक असेल तर ट्रॅक मोनोच, म्हणजे एकाच इनपुटचा, हवा, फक्त इनपुटचा आकडा बदला. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे आवाज दुहेरी, पिंपात गायल्यासारखा येणं : रीपरचं मॉनिटरिंगही (गाताना आपला आवाज आपल्याला ऐकवणं) चालू आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटणही चालू. दोन्हींतलं एक बंद करा. आणि रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी कंट्रोल-एस करून, प्रोजेक्टसाठी वेगळं फोल्डर बनवण्याच्या चौकोनात टिचकी मारा. नाहीतर फाइली भलत्याच फोल्डरात पडतात आणि महिन्याभराने प्रोजेक्ट उघडला की अर्धे ट्रॅक सापडत नाहीत. जागा फार लागत नाही : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याचे सहा ट्रॅक दोनशे एमबीच्या जरा वर.

आपल्या तालांशी रीपरचं चांगलं जमतं, आणि ही गोष्ट मराठी गाणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. शिफ्ट आणि सी दाबलं की तालाचं मार्कर टाकता येतं, आणि त्यातच क्लिकचा कुठला ठोका जड, कुठला हलका हे ठरवता येतं. रूपकासाठी ७/४ घ्या आणि ३-२-२ अशा विभागांवर जड ठोके द्या. ७/८ च्या ऐवजी ७/४ घेतलं की बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके) आकडा आणि मात्रेची लय एकच राहते, डोक्यात गुणाकार करावा लागत नाही. दादऱ्याला तसंच ६/४. अंतऱ्याला लय किंचित चढवायची असेल तर तिथे दुसरं मार्कर टाका.

पट्टी आधी पक्की करा, नंतर सॉफ्टवेअरने सूर वर-खाली सरकवू नका, गिटारच्या लाकडाचा बाज त्यात जातो. गाणं काळी एकमध्ये (सी शार्प) असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावून सीच्या कॉर्डच्या आकृत्या वाजवा, किंवा चौथ्या पडद्यावर लावून एच्या. दोन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवलं तर गिटार छान पसरते. एकाच टेकची (एका वेळच्या रेकॉर्डिंगची) नक्कल दोन्ही बाजूंना ठेवून काही पसरत नाही, फक्त मधोमध आवाज वाढतो.

माइक गिटारपासून वीत-दीड वीत दूर, बाराव्या पडद्याकडे तोंड करून. भोकासमोर धरला की खर्जाचा घुमारा भरतो आणि तो नंतर पूर्ण निघत नाही. गळ्यासाठी एक वीत आणि मध्ये पॉप फिल्टर. कंडेन्सर माइक (ज्याला वेगळी वीज लागते) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका. मीटर सर्वांत मोठ्या फटक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज आत घेताना वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं सहज वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, पाठीमागे गोधडी नाहीतर गादी उभी. चार्जर लावल्यावर ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर तेवढ्यापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या. गाण्याच्या शेवटी गिटारचा सूर विरत असताना क्लिक माइकमध्ये हमखास शिरते, म्हणून शेवटच्या समेनंतर क्लिक बंद होईल अशी सोय आधीच करा.

सातव्या आवृत्तीतली सगळ्यात मोलाची भर म्हणजे लेन, एकाच ट्रॅकमधले एकाखाली एक कप्पे. ट्रॅकवर उजवी टिचकी मारून फिक्स्ड आयटम लेन चालू करा, मुखड्याची जागा निवडून लूपवर (तीच जागा पुन्हापुन्हा वाजवत) पाच वेळा गा. पाचही टेक एकाखाली एक दिसतात. ज्या टेकमधली जी ओळ आवडली तिच्यावरून माउस ओढला की ती वरच्या पक्क्या लेनमध्ये जाते, आणि सांधे आपोआप बुजतात. सांधा शब्दाच्या मधे घेण्यापेक्षा श्वासाच्या आधी घ्यावा. श्वास कापून टाकू नयेत, तेवढा तुकडा एस दाबून वेगळा करावा आणि सहा-आठ डेसिबल खाली आणावा.

सोबत येणारे प्लगइन दिसायला रुक्ष, पण कामाला चोख आहेत. रीएइक्यूमध्ये (आवाजातले खर्ज-तार पट्टे कमी-जास्त करणारा प्लगइन) गळ्याला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, म्हणून तिथे ७० च्या वर जाऊ नका, फक्त २०० ते २५० च्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवा. रीकॉम्पमध्ये (मोठे आवाज दाबणारा प्लगइन) प्रमाण ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १००, आणि मोठ्या शब्दांवर चार-पाच डेसिबल दबेल इतकाच थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी). खोलीचा सूंसूं काढायला रीएफआयआर आहे. सबट्रॅक्ट मोड निवडा, नॉइज प्रोफाइल आपोआप बनवण्याच्या चौकोनात टिक करा आणि फक्त रिकाम्या खोलीचे तीन-चार सेकंद वाजवा. त्यासाठी प्रत्येक टेकच्या आधी पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करायची सवय हवी. मग ती टिक काढा. ती राहिली तर प्लगइन गाण्यालाच गोंगाट समजून खात सुटतं, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. नव्वद टक्के तक्रारी या एका टिकच्या असाव्यात.

सूर दुरुस्त करणाऱ्या रीट्यून या प्लगइनवर मात्र आम्ही नाराज आहोत. आपोआप सूर दुरुस्त करायला लावला तर मींडेच्या पायऱ्या होतात, हरकती बोथट होतात. त्याला बारा सूर तेवढे ठाऊक. तंबोऱ्यावर तयार झालेल्या गळ्याचा शुद्ध गंधार गिटारच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो, आणि रीट्यून तो चूक म्हणून वर ओढतं. अटॅक टाइम वाढवून थोडा मऊपणा येतो. त्याहून, जो एक सूर खरंच घसरलाय तेवढाच हाताने दुरुस्त करावा, नाहीतर ती ओळ पुन्हा गावी.

दिसण्याच्या बाबतीतही रीपर मार खातं. मेनू लांबलचक, अक्षरं बारीक, आणि एकेक सोय तीन ठिकाणी. पहिले दोन आठवडे चिडचिड होते. कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मार्गदर्शक पुस्तिका आणि व्हिडिओ आहेत, ते बघत बघत पुढे जावं.

शेवटी पक्की फाइल बाहेर काढायला, म्हणजे रेंडर करायला, कंट्रोल-ऑल्ट-आर. डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा. त्याच चौकटीत नॉर्मलाइझची, म्हणजे आवाज ठरावीक पातळीला आणण्याची, सोय आहे : उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), ट्रू पीकची (आवाजाच्या सर्वोच्च टोकाची) मर्यादा उणे १. स्पॉटिफाय आवाज साधारण याच पातळीला आणून ठेवतं, त्यामुळे त्याहून मोठं करण्यात काही हशील नाही. रेंडरची शेवटची सीमा गिटारच्या अखेरच्या सुरानंतर तीन-चार सेकंद पुढे ठेवा, नाहीतर रिव्हर्बची (आवाजाला दिलेल्या घुमण्याची) शेपटी मध्येच तुटते.