फुलकिडे ओळखायचे तर कोणती किल्ली हाती घ्यावी?

मिरचीची फुले पांढऱ्या कागदावर झटकली की फुलकिडे पडतात. ते कोणत्या जातीचे, हे ठरवायला आज तीन मार्ग आहेत: मोबाइलवर फोटो काढून नाव विचारणे, पायरीपायरीने पुढे नेणारी जुनी किल्ली (किल्ली म्हणजे लक्षणे तपासत जातीच्या नावापर्यंत पोहोचवणारी मार्गदर्शिका), आणि संगणकावरची ल्युसिडसारखी किल्ली, जिच्यात हव्या त्या लक्षणापासून सुरुवात करता येते. यांपैकी कशावर वेळ घालवावा, हा प्रश्न कीटकशास्त्राचे विद्यार्थी आणि कृषी विज्ञान केंद्रात नव्याने रुजू झालेली मंडळी नेहमी विचारतात. मी तिन्ही वापरले आहेत.

फोटोचा विषय लवकर संपवतो. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी असेल, तर डोक्यावरचा उलटा वाय आणि आठव्या उदरखंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके चांगल्या फोटोत स्पष्ट येतात. तिथे फोटो पुरतो. शेतकऱ्याला लगेच उत्तर हवे असते आणि ते मिळते, ही मोठीच सोय आहे. फुलकिडा मात्र जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. दोन जातींमधला फरक कुठल्या खंडावर केसांची रांग आहे आणि कुठल्यावर नाही, एवढ्यावर ठरतो. तो पाहायला स्लाइड आणि चारशेपट मोठे दाखवणारा मायक्रोस्कोप लागतोच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मिरचीसाठीच. वर्षानुवर्षे मिरचीवरचे फुलकिडे म्हटले की सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस असे गृहीत धरले जायचे: फिकट पिवळा, कोवळ्या पानांवर राहणारा, पाने वरच्या बाजूला वळवणारा. 2021 मध्ये तेलंगण आणि आंध्रात फुलांत गर्दी करणाऱ्या काळपट फुलकिड्यांनी मिरची उद्ध्वस्त केली. ती थ्रिप्स पार्विस्पिनस ही जात होती. भारतात तिची पहिली नोंद 2015 ची, बंगळुरूजवळच्या पपईवरची. राहण्याची जागा वेगळी म्हणजे पाहणी कुठे करायची आणि फवारा कुठे पोहोचवायचा, हेही बदलते. टोमॅटो-कलिंगडातही तेच. थ्रिप्स पाल्मी शेंडेमर रोगाचे विषाणू पसरवतो. त्याच्यासारखाच दिसणारा कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी तिथे सापडला, तर सल्ला वेगळा द्यावा लागतो.

आता खरी तुलना. पायरीची किल्ली मला मनापासून आवडते. प्रत्येक पायरीवर दोन विधाने असतात, त्यातले एक निवडायचे आणि पुढे जायचे. तो क्रम एखाद्या जाणकाराने वर्षानुवर्षे स्लाइड पाहून लावलेला असतो. किल्ली नीट चालवली तर कोणते लक्षण भरवशाचे आणि कोणते फसवे, हे आपोआप कळू लागते. वीज, नेट काही लागत नाही. शिकण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही.

पण माझे मन वळले ते एका त्रासामुळे. आपल्याकडे येणारे नमुने चांगले नसतात. शेतावरून कुणीतरी बाटलीत स्पिरिट घालून फुलकिडे पाठवतो. बाटली आठवडाभर कुठेतरी पडून राहते. किडे ताठ होतात, आणि स्लाइडवर पसरायला गेले की अँटेना मोडतात. इकडे किल्लीतली सुरुवातीचीच एखादी पायरी विचारते: अँटेनाचे खंड सात की आठ? अँटेनाच नाही, तर काय सांगणार? दोन्ही वाटा धरून चालावे लागते. पुढे पुन्हा असाच एक फाटा आला की दोनाच्या चार वाटा होतात. दुसरे उदाहरण टॅबॅसी-पाल्मीचे. डोक्यावरच्या बारीक साध्या डोळ्यांखालचा (ओसेलीखालचा) रंग टॅबॅसीत करडा आणि पाल्मीत लाल असतो. ताज्या किड्यात हे सुरेख दिसते, पण कॉस्टिकमध्ये स्वच्छ केलेल्या स्लाइडवर हा रंग बऱ्याचदा राहतच नाही. पायरी तिथेच असेल तर संध्याकाळ तिथेच जाते.

क्वीन्सलँड विद्यापीठात घडलेल्या ल्युसिडमध्ये हा अडसर उरत नाही. जे दिसत नाही ते सोडून द्यायचे. अँटेना नसेल तर पंखाकडे वळायचे: पुढच्या पंखाच्या पहिल्या शिरेवर केसांची रांग सलग आहे का? उदराच्या आठव्या खंडाच्या पाठीमागच्या कडेला केसांची फणी आहे का? पार्विस्पिनसमध्ये रांग सलग असते आणि फणी नसते. एवढे नोंदवले की उरलेल्या जातींची यादी झपाट्याने आखडते. पुढे काय पाहावे सुचेनासे झाले, तर ‘बेस्ट’ हे बटण उरलेल्या जातींना सर्वांत चांगले वेगळे करणारे लक्षण सुचवते. दोनच जाती उरल्या की ‘डिफरन्सेस’ त्यांच्यातले फरक समोर मांडते. डोळ्यांचा रंग गेलेल्या त्या स्लाइडवर उदराच्या बाजूंवरच्या बारीक केसांच्या दाट रांगा पाहता येतात. त्या टॅबॅसीत असतात, पाल्मीत नसतात. एखादे लक्षण चुकीचे वाचले गेले तरी योग्य जात लगेच बाद होऊ नये, म्हणून चुकीला थोडी मुभा देण्याचीही सोय आहे. घाईच्या कामात ती फार उपयोगी पडते.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. फुलकिड्यांचे अभ्यासक लॉरेन्स माउंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियातल्या फुलकिड्यांवरच्या किल्ल्या देखण्या आहेत, चित्रे तर अप्रतिम. पण त्या त्या-त्या प्रदेशासाठी केलेल्या आहेत. आपली जात यादीतच नसेल, तरी शेवटी एखादे नाव उरू शकते आणि नवख्याला ते खरे वाटते. म्हणून यादी आधी वाचावी, आणि उरलेल्या नावाचे वर्णन स्लाइडशी ताडून मगच लिहावे. पिल्ले आणि नर यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या किल्ल्या बहुधा हात टेकतात. त्या प्रौढ मादीवर आधारलेल्या असतात.

एम.एस्सी.साठी एकाच गटावर दोन वर्षे बसणार असाल, तर कदाचित पायरीच्या किल्लीपासूनच सुरुवात करणे बरे. हात तयार होतो. पण रोज वेगवेगळ्या शेतांतून मोडके-तुटके नमुने येत असतील आणि संध्याकाळपर्यंत सल्ला द्यायचा असेल, तर मी ल्युसिडकडेच बोट दाखवीन. स्वतः माझ्या टेबलावर तीच उघडी असते. सुरुवातीला कांद्यावरचे फुलकिडे घ्या, जात आधीच माहीत असलेले. त्यांच्या नीट स्लाइड करा, अँटेनाचा प्रश्न मुद्दाम न सोडवता किल्ली टॅबॅसीपर्यंत पोहोचते का ते पाहा, आणि मगच मिरचीची बाटली उघडा.