मिल्क बँक: पाचपैकी चार स्टार, एक खुर्चीपायी गेला

माझी लेक २९व्या आठवड्यात झाली, वजन १,१४० ग्रॅम. पुण्यात ती ज्या हॉस्पिटलात पेटीत होती, तिथल्या मिल्क बँकेबद्दल, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देतात त्या जागेबद्दल, लिहितेय. नाव घालत नाही. खाली तक्रारी आहेत आणि तिथल्या सिस्टरांशी माझं अजून काम पडतं.

पहिले दोन दिवस मला पान्हाच नव्हता. समुपदेशक ताई फॉर्म घेऊन आल्या, दुसऱ्या आईचं दान केलेलं दूध चालेल का म्हणून. माझी आई ताडकन म्हणाली, "परकीचं कशाला? डब्याचं द्या की." तिला उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या भोरच्या. "विहीणबाई, संभाजीराजांना धाराऊनं पाजलं. आमच्या कापूरहोळची ती. सही कर गं तू."

डब्याचं का नको, ते ताईंनी खाटेवर बसून सांगितलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्यात अँटिबायोटिक्स, आणि चांगल्या जंतूंच्या आधी वॉर्डातले जंतू बिऱ्हाड थाटतात. कधी आतड्याला सूज येते, ते सडायला लागतं, भोकही पडतं. तिथे सगळे त्याला नुसतं 'एनईसी' म्हणतात. डब्याच्या दुधावर त्याचा धोका जास्त. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियासारख्या जंतूंचं जेवण. म्हणजे मला दोघांचा डबा भरायचा होता.

दानाचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. वाईट जंतू मरतात, चांगलेही मरतात, साखरा मात्र टिकतात. "हे उसनं आहे, तुझं येईपर्यंत," असं म्हणून ताई दर तीन तासांनी माझ्या मागे. तिसऱ्या दिवशी चीक आला, सिरिंजच्या टोकाला पिवळा थेंब. मी ओशाळले. सिस्टरनी तो बोळ्यावर घेऊन लेकीच्या गालाच्या आतून फिरवला, अगदी देवाचं तीर्थ असल्यासारखा.

बाराव्या दिवशी टेपने पोट मोजलं तर दोन सेंटिमीटर जास्त. नळीतून हिरवं आलं. दूध बंद, एक्स-रे. आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे शोधतात म्हणे, नव्हते. तीन दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक्स, मग पुन्हा १ मिलीपासून सुरुवात. दुधानेच वाचली असं मी म्हणणार नाही. शेजारच्या पेटीतल्या बाळाला त्याच्या आईचंच दूध होतं, तरी त्याचं ऑपरेशन झालं. धोका कमी होतो, कवचकुंडलं मिळत नाहीत.

नवऱ्याने मोबाइलवर प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंचे, ड्रॉप्स शोधून ठेवले होते. डॉक्टरांनी अडवलं: जिवंत जंतू अशा बाळाच्या रक्तात उतरू शकतात, एक मूल दगावल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०२३ मध्ये तसं बजावलंय. मनाने काही घालू नका.

आता तक्रारी. पंपिंगच्या खोलीत पाठ न टेकणारी प्लास्टिकची खुर्ची, तीही टाके ओले असलेल्या बायांना! एका पंपाच्या आतला, दूध ओढणारा पातळ पडदा फाटलेला; ओढ बसेना, चाळीस मिनिटं वाया गेली आणि मला वाटलं दूधच आटलं. रविवारी बँक बंद. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली मानतात ती. इतक्या वर्षांनी आमच्याकडे रविवारी कुलूप. बाळं काय शनिवारी जेवून घेतात?

दुधाचे पैसे घेतले नाहीत. ते विकायला परवानगीच नाही. तपासण्या मात्र कडक: मी द्यायला गेले तेव्हा एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची चाचणी झाल्यावरच बाटली घेतली.

हो, दूध द्यायला गेलेच. लेक १,९०० ग्रॅमची होऊन घरी आली तेव्हा फ्रीजरमध्ये मटारला जागा नव्हती. तुम्ही जाणार असाल तर सोमवारी सकाळी जा, आणि पाठीला लावायला घरची उशी न्या.