भिजलेल्या फोनसाठी घेतलेला अल्ट्रासोनिक क्लीनर: काही महिने वापरून झाल्यावर

आधी सरळ मत सांगते, मग बाकीचं. हीटरवाला छोटा अल्ट्रासोनिक क्लीनर (म्हणजे पाण्यात लहरी सोडून घाण काढणारी टाकी), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि व्होल्टेज, शॉर्ट वगैरे तपासायचा एक मल्टिमीटर, एवढं सामान जमवून गेले काही महिने मी घरच्यांचे, मैत्रिणींचे, ऑफिसातल्या लोकांचे भिजलेले फोन, रिमोट, गाडीच्या चाव्या असं काय काय उघडतेय. मशीनला पाचपैकी चार स्टार. पण मशीनचा नंबर शेवटी लागतो. फोन वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा तो टाकीपर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरतं बॅटरी किती लवकर सुटली त्यावर.

कारण नुसत्या पाण्याने बोर्ड, म्हणजे फोनमधली सगळ्या चिप्स बसवलेली पट्टी, मरत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा करंट एकत्र आले की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं, म्हणजे पॉझिटिव्ह बाजूच्या पिनचा धातू विरघळतो आणि शेजारच्या पिनकडे सरकत जाऊन तिथे जमा होतो. फोन स्विच ऑफ केला तरी बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, काही लाइन्सवर व्होल्टेज असतंच. म्हणून तांदळात दोन दिवस पुरून ठेवलेला फोन आतून दोन दिवस खाल्ला जात असतो, आणि तांदूळ पाणी ओढतात ते अगदी जेमतेम, वर पोर्टमध्ये पीठ जातं ते वेगळंच. अ‍ॅपलने सुद्धा आपल्या सपोर्ट पेजवर तांदळात ठेवू नका, बाहेरून उष्णता देऊ नका, पोर्टमध्ये कापसाची काडी घालू नका असं स्पष्ट लिहिलंय. हेअर ड्रायरबद्दल तर मी हात जोडून सांगते, नका लावू, हवेच्या जोराने पाणी आणखी आत जातं आणि उष्णतेने आतला गोंद सुटतो.

एकदा एक चार्जिंग पोर्ट मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा हे सगळं डोळ्यांनी दिसलं. फोन ओला असतानाच चार्जरला लावलेला होता. टाइप सी पोर्टच्या आतल्या जिभेवर बारीक सोनेरी पट्ट्या असतात, त्यातल्या ज्यांवरून ५ व्होल्ट येतात नेमक्या त्याच हिरव्या पडलेल्या, एकीचं टोक पूर्ण खाल्लं गेलेलं आणि खालचं प्लास्टिक उघडं पडलेलं, बाजूच्या डेटाच्या पट्ट्या मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. पाणी सगळीकडे सारखंच होतं, फरक फक्त व्होल्टेजचा. तेव्हापासून कुणाचा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, चार्जरला लावू नकोस, चालू होतोय का बघू नकोस, बंद कर आणि सिम ट्रे काढून तसाच घेऊन ये.

आल्यावर आधी सिम ट्रेच्या खाचेत टॉर्च मारून बघते, तिथे बऱ्याच फोनमध्ये पांढरा स्टिकर असतो, तो लाल झालेला असेल तर पाणी तिथवर पोचलंय. मग मागचं कव्हर गरम करून उघडायचं, बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, आणि हे झालं की निम्मी धडधड कमी होते. पुढे स्क्रीन, कॅमेरे, स्पीकर, सगळं बाजूला आणि बोर्ड एकटा बाहेर.

आता आयपीएबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आयपीए पाण्यात मिसळतं, पाण्याला बाहेर काढतं आणि स्वतः पटकन उडून जातं, त्यात प्रश्नच नाही. पण मीठ आणि साखर त्यात जवळजवळ विरघळत नाहीत. समुद्रात पडलेला एक फोन माझ्याकडे आला तोवर मालकाने त्यावर भरपूर आयपीए ओतून झालं होतं, आणि शील्ड (चिप्सवरचं धातूचं झाकण) उचलली तर आत मिठाचा पांढरा थर जसाच्या तसा. त्याला डिस्टिल्ड वॉटर लागतं, आधी पाण्याने मीठ काढायचं आणि मग आयपीएने पाणी काढायचं. हा क्रम उलटा झाला तर मेहनत वाया. गोड पेय सांडलेल्या कीबोर्डचंही तेच. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं घेऊ नका, उरलेलं पाणीच असतं त्यात.

मशीनकडे येते. टाकीतल्या पाण्यात ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडल्या जातात, त्याने असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथली घाण निघते, म्हणजे शील्डखालची, चिपखालची. बोर्ड बास्केटमध्ये लटकवला आणि बटण दाबलं की थोड्याच वेळात शील्डच्या कडेच्या भोकांतून दुधासारखा धूर पाण्यात उतरायला लागतो, ते बघून दरवेळी बरं वाटतं, कारण वरून चकाचक दिसणाऱ्या बोर्डाच्या पोटात एवढं सगळं होतं. टाकीत मी इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारं पाण्यावर आधारित क्लीनिंग सोल्यूशन घालते, पाणी थोडं कोमट, मग डिस्टिल्ड वॉटरने खळखळून, मग आयपीए, मग पंख्याखाली आणि रात्रभर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात.

टाकीत थेट आयपीए कधीही ओतू नका, कितीही लोक करत असले तरी. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते आणि आपण खाली हीटर लावून वर इलेक्ट्रिक मशीन चालवतोय. खिडकी उघडी ठेवूनच आयपीए वापरायचं. बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा आणि माइक यातलं काहीही टाकीत जात नाही. माइकचा पडदा इतका नाजूक असतो की लहरींनीच फाटतो, आणि तो बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर मी मशीन चालवतच नाही, ब्रशवर भागवते. स्क्रीनच्या मागच्या बॅकलाइटच्या थरांत आयपीए शिरलं तर डाग कायमचे.

एक स्टार कशाला कापला ते सांगते. हीटरला पाणी तापवायला फार वेळ लागतो, टायमर ठराविक आकड्यांवरच थांबतो, आणि आवाज असा कर्कश की शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. शिवाय टाकीत सगळीकडे सारखा जोर नाही. पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा थोडा वेळ लटकवून बघितला तर मधोमध भोकं पडलेली आणि एका कोपऱ्यात नुसत्या सुरकुत्या, म्हणून मी बोर्ड मध्येच धरते आणि अर्ध्यात फिरवते. तळाला काही टेकू द्यायचं नाही आणि रिकामं चालवायचं नाही, हे मात्र कुठल्याही मशीनला लागू.

आणि खाल्लेला धातू हे मशीन परत आणत नाही. मल्टिमीटरवर बॅटरीच्या लाइनचा थेट ग्राउंडला शॉर्ट दिसला तर धुऊन क्वचितच सुटतो, तिथून पुढे मायक्रो सोल्डरिंग, म्हणजे बारीक पार्ट काढून नवे जोडणं, येणाऱ्याचं काम, मी तिथे हात घालत नाही. फुगलेली बॅटरी तर टोचायची, दाबायची, परत लावायची अजिबात नाही.

आयपी ६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचं रेटिंग) आहे म्हणून निर्धास्त असलेले फोनही बरेच आले. ती टेस्ट नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. फोन पडून फ्रेम वाकली, गोंद जुना झाला, कुठे एकदा स्क्रीन बदलली की तो आकडा फक्त डब्यावर उरतो. साबणाचं पाणी आणि समुद्र तर त्यात धरलेलेच नाहीत.

छोट्या वस्तूंचा अनुभव फोनपेक्षा चांगला. गाडीची चावी, टीव्हीचा रिमोट, यांत सेल पटकन निघतो म्हणून हे बहुतेक उठतात, आणि यांना मशीनची गरजही पडत नाही, डिस्टिल्ड वॉटर, ब्रश आणि आयपीए पुरतं. रिमोटमध्ये अल्कलाइन सेल फुटून पांढरं आलेलं असेल तर ते अल्कधर्मी असतं, आधी थोडं व्हिनेगर लावून मग पुसायचं, नुसतं आयपीए घासत बसून उपयोग नाही. वायरलेस इअरबड्सबद्दल मात्र मी आता सरळ नाही सांगते, चिकटवलेलं कवच उघडताना तुटतं.

फोन चालू झाला की पहिल्यांदा फोटो, कॉन्टॅक्ट्स, चॅट, सगळं लगेच बाहेर काढते, टचस्क्रीन नीट आहे का, स्पीकर वाजतो का हे नंतर. माझ्याकडे उठलेले काही फोन अजून मस्त चालतायत, एक मात्र महिन्याभरात पुन्हा गेला, पण तोवर त्यातले आजीचे व्हिडिओ तिच्या मुलीकडे पोचले होते आणि तिला हवे होते तेही तेवढेच. म्हणून घेताना आधीच विचारते, फोन हवाय की डेटा, कारण नुसता डेटा हवा असेल तर दुसरी बॅटरी आणि दुसरी स्क्रीन तात्पुरती जोडून काम होतं, जुना सांगाडा दुरुस्त करत बसायला नको.

कुणी घेणार असेल तर टाकीची आतली लांबी मोजून घ्या, फोनचा बोर्ड आडवा मावला पाहिजे. चष्म्यासाठी मिळतात त्या अगदी छोट्या बिनहीटरच्या टाक्या यासाठी कमी पडतात. पाणी काढायला नळ असलेली मिळाली तर तीच घ्या, माझ्या टाकीला नाही आणि दरवेळी ती उचलून ओतताना बटणांवर पाणी जाणार नाही ना हे बघत बसावं लागतं.