खानदेशातून नाटकाला: एसटीचा पास, शहरातला पास आणि नाटकाचं तिकीट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी नाटकाचं तिकीट, मग परतीच्या गाडीचं, आणि पास सगळ्यात शेवटी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पुण्या-मुंबईला नाटक बघायला जाणाऱ्यानं हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. पासावरची तारीख सुरू झाली की त्याचे दिवस पळू लागतात, आणि गाजणाऱ्या नाटकांचे प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारीच असतात. बुधवारपासूनचा पास काढून शहरात पोचलेला माणूस शुक्रवारपर्यंत नुसता फिरतो.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ४ दिवसांचा किंवा ७ दिवसांचा मिळतो. साध्या गाड्यांचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. साध्या पासावर शिवशाहीत बसता येत नाही. खरी मेख दिवस मोजण्यात आहे. पासाचा दिवस रात्री १२ ते रात्री १२. जळगावहून रात्री १० च्या गाडीत बसलात तर दोन तासांत अख्खा एक दिवस संपला. शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीनं परत निघालात तर १२ वाजता पास मेला, पुढचं तिकीट कंडक्टर फाडणार. म्हणजे हा पास दिवसा प्रवास करणाऱ्याचा आहे, आणि नाटकवाला तर रात्रीच प्रवास करतो. आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. ते वाचवायला जाऊ नका. पास हातात असला म्हणून सीट राखलेली नसते, आणि चाळीसगावपासून उभ्यानं जाणं कोणालाच परवडत नाही. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, तेव्हा तो पाकिटात ठेवा, शर्टाच्या वरच्या खिशात नको.

बायकांनी हे गणित आधीच मांडावं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच, आणि ७५ च्या पुढे पूर्ण मोफत. नुसतं पुण्याला जाऊन यायचं तर या मंडळींना पास काढायची गरजच नाही. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हे नवापूरमार्गे सुरतेला जाणाऱ्यांना ठाऊक असतंच. शहराच्या बसमध्ये मात्र ही सवलत चालत नाही, आणि एसटीचा पासही नाही. पुण्याच्या शहर बसच्या, म्हणजे पीएमपीच्या, कंडक्टरला एसटीचा पास दाखवून वाद घालू नका, तो बिचारा बरोबर असतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आई-वडिलांना घेऊन निघालात तर एसटी आणि रेल्वे दोन्हीचा हिशेब करून बघा.

पुण्यात पीएमपीचा एका दिवसाचा पास जून २०२५ पासून ७० रुपयांचा झाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही हद्दींत चालतो. तिकीट पहिल्या ५ किलोमीटरला १० आणि १० किलोमीटरपर्यंत २० रुपये. आता हिशेब करा: बालगंधर्व नाट्यगृहाला जायचं, मधे लक्ष्मी रस्ता, मग परत मुक्कामी. तीन फेऱ्या, फार तर ५० रुपये. पास वसूल व्हायला चार लांब फेऱ्या तरी हव्यात. एका नाटकापुरता आला असाल तर सुटी तिकिटं घ्या. दिवसात दोन नाट्यगृहं गाठायची असतील, म्हणजे दुपारी कोथरूड आणि संध्याकाळी बालगंधर्व, तर पास घ्या. सुट्या पैशांची कटकटही वाचते.

पण स्टेशनवरून थेट बालगंधर्वला जायचं असेल तर बस सोडा, मेट्रो घ्या. पुणे रेल्वे स्टेशनवरून वनाझकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरायचं. तिथून नाट्यगृह चालत काही मिनिटांवर. रिक्षावाल्याशी हुज्जत नाही, जंगली महाराज रस्त्यावरची कोंडी नाही. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहासाठी आयडियल कॉलनी किंवा आनंदनगरला उतरून थोडं अंतर रिक्षानं.

पुण्यात प्रयोगांच्या वेळा ठरलेल्या: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३०, रात्री ९.३०. खानदेशच्या माणसाला ५.३० चाच सोयीचा. सव्वाआठ-साडेआठला सुटतो, मेट्रोनं स्टेशन गाठता येतं, आणि रात्री दहानंतर निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सकाळी जळगावला सोडते. मधे जेवायलाही वेळ मिळतो. ९.३० चा प्रयोग मध्यरात्र उलटून जाते तेव्हा सुटतो. मेट्रो बंद, बस तुरळक, आणि रिक्षावाला म्हणेल तो आकडा. एसटीनं परत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शिवाजीनगरचं स्टँड आता वाकडेवाडीला आहे; जुन्या जागी जाऊन बसाल तर गाडी मिळणार नाही.

मुंबईत पासाचा मोह जास्त होतो, आणि फायदा सगळ्यात कमी. लोकलचा पर्यटक पास सेकंड क्लासचा १ दिवसाला ७५, ३ दिवसांना ११५ आणि ५ दिवसांना १३५ रुपये. ऐकायला स्वस्त. पण सीएसएमटी ते दादर तिकीट ५ रुपये, दादर ते ठाणे १०. दिवसभर नाटकासाठी फिरूनही ३०-४० च्या वर खर्च जात नाही. एक दिवसाचा पास म्हणजे फक्त रांगेत उभं न राहण्याचे पैसे. ३ किंवा ५ दिवस राहणार असाल तरच घ्या. एसी लोकलला तो चालत नाही, आणि चुकून चढलात तर टीसी ऐकून घेत नाही. मुंबईच्या शहर बसचा, म्हणजे बेस्टचा, दिवसाचा पास मे २०२५ पासून ७५ रुपये, साध्या बसचं कमीत कमी तिकीट १०. इथेही तेच गणित.

नाट्यगृह निवडताना गाडी कुठल्या बाजूनं येते ते बघा. जळगाव-भुसावळकडून येणाऱ्या गाड्या मध्य रेल्वेनं दादरला येतात. पुलावरून पश्चिमेला गेलं की प्लाझा चित्रपटगृहासमोर शिवाजी मंदिर नाट्यगृह. ठाण्याला उतरणाऱ्यांना गडकरी रंगायतन, ते दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. नंदुरबारकडून पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांनी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे किंवा पार्ल्याचं दीनानाथ बघावं. दादरपर्यंत जायची गरज नाही. शिवाजी मंदिरचा दुपारी साडेतीन-चारचा प्रयोग घेतला तर रात्रीची अमरावती एक्स्प्रेस दादरला आरामात मिळते.

आता तिकीट. ऑनलाइन बुक माय शो किंवा तिकिटालय, नाहीतर नाट्यगृहाची खिडकी. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर १८ टक्के लागतो. पुढच्या रांगांचे दर ५०० ला येऊन थांबतात त्यामागचं हे एक कारण. ऑनलाइनला वर सेवा शुल्क पडतं, चार जणांच्या तिकिटांवर ते चांगलंच जाणवतं. पण जळगावहून खिडकीवर कोण जाणार? म्हणून शुल्क भरा आणि मोकळे व्हा.

शनिवार-रविवारचं चालतं नाटक असेल तर प्लॅन, म्हणजे सीटांचं बुकिंग, खुला होईल त्याच दिवशी सीटा बघा. प्लॅनमध्ये पहिल्या दोन रांगा मोकळ्या दिसल्या म्हणून उडी मारू नका. तिथून रंगमंच वर राहतो, मान दुखते आणि पात्रांचे पाय दिसत नाहीत. चौथी ते आठवी रांग, मधला पट्टा, ही खरी जागा. त्यात नसेल तर कडेच्या ५०० च्या सीटेपेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी: नेपथ्य अख्खं दिसतं आणि पैसेही वाचतात. मात्र गुडघेदुखीवाल्यांना जिने चढवू नका.

खिडकीवर घ्यायचं असेल तर पुण्यात सकाळी किंवा संध्याकाळी जा. दुपारी खिडकी बंद असते, आणि बाहेरगावचा माणूस नेमका दुपारीच पोचतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात जरूर बघा. कलाकार आजारी पडला किंवा प्रयोग पुढे गेला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, रेल्वेच्या कन्फर्म तिकिटाचे पूर्ण मिळत नाहीत. दोघं-तिघं असाल तर परतीचं आरक्षण निघायच्या आदल्या रात्री पुन्हा तपासा. वेटिंगवर असेल तर वाकडेवाडीहून रात्रीच्या गाडीत आरक्षण करून ठेवा.

जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर. तेच नाटक दौऱ्यावर इकडे येणार असेल तर पुण्याचं तिकीट काढायच्या आधी दौऱ्याच्या तारखा विचारून घ्या. रिक्षाच्या भाड्यात काम होतं, आणि रात्री घरी जाऊन भरीत-भाकरी गरम मिळते.